एक फूट दोन सूत

४ फेब्रुवारी

ती. काका,

इथे येऊन आज बावीस दिवस झाले. पोचल्याचं कार्ड टाकलं होतं, ते मिळालं असेल असं धरून चालतो. मोठं पत्र लिहायला उशीर झाला, कारण लिहिण्यासारखं काही चांगलं घडेपर्यंत थांबायचं ठरवलं होतं. तसं अजून घडलेलं नाही, पण थांबायलाही मर्यादा असते.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड आहे. अठरा माणसं आणि पाच मशिनी. इथे कपाटं आणि टेबलांचे ड्रॉवर बनतात, एकासारखे एक, शेकड्यांनी. आपल्यासारखं एक ड्रॉवर करून तो त्याच्याच खणात बसवून बघणं इथे नाही. कोणताही ड्रॉवर कोणत्याही खणात गेला पाहिजे. म्हणून इथे आपलं इंचाच्या आठव्या भागाचं सूत आणि अर्धं सूत चालत नाही. पहिल्या दिवशी इथल्या मुख्य मिस्त्रींनी माझ्या हातात एक पोलादी हत्यार दिलं. त्याला पक्ष्याच्या चोचीसारखे दोन जबडे आहेत. एक घट्ट, एक सरकता. त्याला कॅलिपर म्हणतात. लाकूड जबड्यांत धरायचं. सरकत्या पट्टीवरचं शून्य वरच्या पट्टीवर कुठे आलं ते बघून मिलिमीटर वाचायचे. मग सरकत्या पट्टीवरच्या पन्नास रेघांपैकी कोणती रेघ वरच्या एखाद्या रेघेशी अगदी समोरासमोर आली आहे ते शोधायचं. तिच्यावरून मिलिमीटरचे शतांश कळतात. बाकीच्या एकोणपन्नास रेघा किंचित चुकलेल्या असतात आणि एकच बरोबर असते. ती शोधताना मला घाम फुटतो. शेजारच्या दोन रेघासुद्धा बरोबरच वाटतात.

पहिल्या दिवशी मी दहा फळ्या मोजल्या आणि दहाही कमी भरल्या. मिस्त्रींनी माझ्या हातातून कॅलिपर घेतला, पुन्हा मोजलं आणि म्हणाले, "तू लाकूड मोजत नाहीस, त्याचा गळा दाबतोयस." मी जबडे आवळत होतो. लाकूड मऊ, ते दबतं. जबडे नुसते टेकले पाहिजेत. दुसऱ्या दिवशी सगळ्या फळ्या जास्त भरल्या. जबड्यात भुश्याचा एक कण होता. तेव्हापासून मी प्रत्येक मापाआधी जबडे पुसतो, मिटतो, उजेडाकडे धरतो, दोन्ही शून्यं जुळतात का बघतो आणि मगच मोजतो. त्यावरून इथे माझं नाव शून्यशेठ पडलं आहे. तुमचं मापाड्या बरं होतं.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. खिडकीतून हात लांब केला तर बोटं टेकतात. गेल्या रविवारी दिवसभरात मी एकूण सहा शब्द बोललो, सगळे किराणा दुकानदाराशी. तक्रार नाही, मोजले म्हणून लिहिलं.

मुख्य गोष्ट ही. सहा महिने मला तात्पुरतं ठेवलं आहे. जुलैमध्ये मिस्त्री विचारणार, कायमचा राहतोस का. हो म्हटलं तर तीन वर्षांची सही करावी लागते, मधे सोडून जाता येत नाही. निघताना तुम्ही म्हणालात की माझ्या मोजत बसण्यापायी दुकानाची कामं खोळंबतात, मी दुसरीकडे गेलेलं बरं. ते मी मनाला लावून घेतलेलं नाही. म्हणजे घेतलं होतं, पण आता विचार करून लिहितो. दुकानाला माझी गरज असेल तर मी परत येईन आणि मोजणं कमी करीन. तसं स्पष्ट कळवा.

तुमचा पुतण्या


२० फेब्रुवारी

चि. मापाड्यास अनेक आशिर्वाद.

माझ्या चष्म्याची काडी मोडली आहे, म्हणून शेजारच्या शिंप्याकडून हे लिहून घेतोय. तेव्हा यातलं अक्षर त्याचं आणि अक्कल माझी.

(अक्कल कुणाची ते वाचणारा ठरवेल. – शिंपी)

शतांश मिलिमीटर म्हणजे काय ते शिंप्याने मला दोनदा समजावून सांगितलं. त्यालाही ते समजलेलं नाही. अरे, लाकूड आहे ते, हिरा नाही. आपल्याकडचा हिशोब सोपा: सूत, अर्धं सूत आणि त्याच्याखाली "जरासं". या जराशात माझा जन्म गेला आणि अजून एकही कपाट परत आलेलं नाही. पण तुझा मिस्त्री गळ्याचं बोलला ते मला आवडलं. माणूस कामाचा दिसतो. त्याला धरून राहा.

दुकानाची चिंता तू करू नकोस. कामं इतकी आहेत की डोकं खाजवायला सवड नाही. एकट्याचं बरं चाललंय. मधे मधे "काका, एकदा परत मोजू का" असं विचारायला कुणी नाही, त्यामुळे दिवसाची कामं अर्ध्या दिवसात उरकतात. तू तिथेच राहा. सही कर आणि मोकळा हो.

रविवारी सहाच शब्द बोललास असं लिहितोस. मी शिंप्याशेजारी राहतो, मला सहाच शब्द ऐकायची सोय मिळाली तर मी देवाचे आभार मानीन.

काका


९ मार्च

ती. काका,

तुमचं पत्र पोचलं. दुकान चांगलं चाललंय हे वाचून आनंद झाला, असं लिहिलं पाहिजे आणि तसा झालाही.

शिंपीकाकांना सांगा की अक्षर सुरेख आहे. फक्त "आशीर्वाद" त्यांनी पहिल्या वेलांटीने लिहिला होता. शी दीर्घ. वरचेवर लागणारा शब्द आहे म्हणून कळवतो, राग नसावा.

माझं वाचणं सुधारलं आहे. मिस्त्री आता माझी दहातली एकच फळी तपासतात. पण मधे एक मोठी चूक झाली असं मला वाटलं होतं. शनिवारी मी वीस रुंद फळ्या मोजून आकडे वहीत लिहिले. सोमवारी त्याच फळ्या मोजल्या तर सगळ्या पंधरा-वीस शतांशांनी जास्त. मी जबडे पुसले, शून्य बघितलं, पुन्हा मोजलं. तेच. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी मिस्त्रींकडे जाऊन कबूल केलं की शनिवारची मापं चुकली आहेत, पाहिजे तर मला काढून टाका. ते डब्यातून मान वर न करता म्हणाले की दोन्ही मापं बरोबर आहेत. रविवारी हवेत ओल होती, लाकूड ती प्यायलं आणि फुगलं. लाकूड मोजलं की आकड्याशेजारी तारीख लिहायची.

तुम्ही हे मला कधी सांगितलं नव्हतं. तुम्हाला ठाऊक असणारच. तुम्ही फळीला तळहात लावून "आज नको, उद्या कापू" म्हणायचा, ते बहुतेक हेच. मी तेव्हा समजायचो की तुम्हाला कंटाळा आलाय.

जेवायला सगळे चार-चारच्या टोळक्यांनी बसतात. मी फळ्यांच्या थप्पीवर बसतो. कुणी नको म्हटलेलं नाही, पण प्रत्येक टोळक्यात चारच माणसं मावतात असं दिसतं. दिवसभर मशीन चालू असते, त्यामुळे बोलायचं ते सगळे हातानेच बोलतात. खोलीवर आलो तरी तासभर कानांत मशीन चालूच राहते आणि ती थांबली की फार रिकामं वाटतं. रविवारी मी कॅलिपर मागून घरी आणला होता. माझ्या केसाची जाडी आठ शतांश भरते. तुमच्या पत्राचा कागद दहा शतांश. दाराची कडी, चमचा, साबण, सगळं मोजून झालं. संध्याकाळपर्यंत मोजण्यासारखं खोलीत काही उरलं नाही.

चष्म्याची काडी दुरुस्त झाली का? चष्मेवाल्याचं दुकान आपल्यासमोरच आहे, दहा मिनिटांचं काम आहे.

तुमचा पुतण्या


२ एप्रिल

चि. मापाड्या,

"आशीर्वाद" वाचून शिंपी दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. दोन दिवस मजेत गेले.

चष्मा झाला. पण शिंप्याला आता लिहायची चटक लागली आहे. त्याला नाही म्हटलं तर माझ्या पँटचा काठ तो वाकडा शिवेल.

(वाकडा काठ आणि वाकडी जीभ यांतलं दुसरं याच्याकडे आधीपासून आहे. – शिंपी)

कामाचं बोलतो. चष्मेवाल्याने एक कपाट सांगितलंय, बारा उथळ ड्रॉवरांचं. त्याला काचा ठेवायच्या आहेत, एकेका नंबराचा एकेक ड्रॉवर. धूळ आत जाता कामा नये, म्हणून ड्रॉवर अंगाबरोबर बसले पाहिजेत. सांगाडा माझा तयार आहे. पण हातात इतकी कामं आहेत की ड्रॉवर करायला वेळ नाही. तुझ्याकडे मशीन आहे, चोच आहे, रविवार रिकामे आहेत. मिस्त्रीला विचार. चालत असेल तर तिथेच बारा ड्रॉवर कर आणि गाडीने पाठवून दे.

रुंदी एक फूट दोन सूत. उंची अडीच इंच. खोली सव्वा फूट. लिहिलंय तसं कर, डोकं चालवू नकोस.

काका


२८ एप्रिल

ती. काका,

मिस्त्रींनी परवानगी दिली. तुकड्यांतलं लाकूड वापरायलाही हो म्हणाले. आज बाराही ड्रॉवर बांधून गाडीवर चढवले. प्रत्येकाच्या पाठीला नंबर आणि तारीख घातली आहे.

चार रविवार लागले. रविवारी शेड रिकामी असते. दारावर पहारेकरी आणि आत मी. पहिल्या रविवारी भीती वाटली, इतकी शांतता होती. मग एकेक फळी हातात घेताना तुम्ही काय म्हणाला असता ते मी मनात म्हणू लागलो. "ही गाठ बघितलीस का, आंधळ्या." "घाई कसली, लग्न लागतंय का तुझं." नंतर नंतर मोठ्याने म्हणू लागलो. पहारेकऱ्याने आत डोकावून विचारलं की कोण आलंय. मी म्हटलं, काका. तो इकडे तिकडे बघून गेला. गेल्या तीन महिन्यांतले हे चार दिवस मला सगळ्यांत बरे गेले.

आता मापांबद्दल. आमचे रोजचे कॅलिपर लहान आहेत, म्हणून मिस्त्रींच्या कपाटातला मोठा मागून घेतला. तुम्ही "डोकं चालवू नकोस" लिहिलं होतं, पण एवढी वर्षं तुमच्या हाताखाली काढल्यावर तेवढं तर चालवावंच लागतं. तुम्ही माप नेहमी एक सूत जास्त सांगता. "लाकूड कापता येतं, वाढवता येत नाही," हे मी तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणेन. मी कापायचं आणि नंतर तुम्ही रंधा मारून ते सूत उतरवायचं, अशी आपली पद्धत. पण तुम्हाला आता वेळ नाही. बारा ड्रॉवरांना दोन्ही बाजूंनी रंधा मारत कशाला बसाल? म्हणून ते एक सूत मी इथेच उतरवलं आहे. रुंदी एक फूट एक सूत धरली. म्हणजे तीनशे सात मिलिमीटर आणि अठ्ठ्याण्णव शतांश. बारांपैकी सर्वांत रुंद आणि सर्वांत अरुंद ड्रॉवरांत फरक फक्त बारा शतांशांचा आहे. मिस्त्रींनी सगळे एकावर एक रचून कडेवरून बोट फिरवलं आणि काही न बोलता निघून गेले. इथे याचा अर्थ चांगला होतो.

तुम्ही फक्त सरकवायचे. रंध्याला हात लावायची गरज पडू नये.

बसले की कळवा. कोणता सैल, कोणता घट्ट, नंबरासकट.

तुमचा पुतण्या


२० मे

चि. मापाड्या,

ड्रॉवर पोचले. बसले. छान झाले आहेत. चष्मेवाला खूश आहे.

मिस्त्रीला हो सांगून टाक. उगाच जुलैची वाट बघू नकोस.

काका


६ जून

ती. काका,

तुमचं पत्र मी बरेच वेळा वाचलं. चार ओळींचं आहे, त्यामुळे वेळ लागला नाही.

यात काहीतरी बरोबर नाही. मी चौदा वर्षं तुमच्याकडे होतो. आईवडिलांमागे तुम्ही मला आणलंत तेव्हा मी सात वर्षांचा होतो. या चौदा वर्षांत माझ्या कामाला तुम्ही "छान" म्हटलेलं मला आठवत नाही. सगळ्यांत मोठी शाबासकी म्हणजे "चालेल", तीही खिडकीच्या त्या जाळीला, एकदाच. बारा ड्रॉवरांत एकही घट्ट नाही, एकही सैल नाही, एकाचीही गाठ तुमच्या नजरेला खुपली नाही, हे कसं होईल? आणि शिंपीकाकांनी कंसात काहीच लिहिलेलं नाही. तेही आजारी नाहीत ना?

दुसरं. काडी फेब्रुवारीत मोडली, एप्रिलमध्ये दुरुस्त झाली. आता जून आहे. तुम्ही स्वतः पत्र का लिहीत नाही? माझ्या शाळेच्या दाखल्यावर तुमची सही आहे, ती मी बरोबर आणली आहे. त्यातला "क" तुम्ही उडी मारल्यासारखा काढता. मला तो बघायला बरं वाटलं असतं.

मिस्त्रींनी तारीख दिली. जुलैच्या पंधरा तारखेच्या आत सही. तीन वर्षांचं आहे, म्हणून पुन्हा एकदा विचारतो. तुम्ही मला कामावरून काढलं होतं की नुसतं पाठवलं होतं? मी मोजत बसतो म्हणून तुम्हाला नकोसा झालो असेन, तर तसंच लिहा, मी सही करीन. तसं नसेल तर तेही लिहा.

ड्रॉवर क्रमांक सातबद्दल तरी कळवा. त्याची एक बाजू मला रेघभर फुगलेली वाटत होती.

तुमचा पुतण्या


१५ जून

बाळा,

हे पत्र मी माझ्या मनाने लिहितोय. तुझ्या काकाला ठाऊक नाही आणि ठाऊक होऊ देऊ नकोस, नाहीतर म्हातारा माझ्या पायरीवर बसायचा बंद होईल. आशीर्वाद आधीच लिहून टाकतो, शी दीर्घ.

तुझं सहा तारखेचं पत्र मीच त्याला वाचून दाखवलं. ऐकून त्याने ते माझ्या हातातून घेतलं आणि बराच वेळ घडी घालत बसला. घडी काही बसेना. मग म्हणाला, उत्तर उद्या लिहू. त्याला पाच दिवस झाले.

चष्म्याची काडी कधीच मोडली नव्हती. त्याचा उजवा हात थरथरतो. थोडा नाही. पेन धरलं तर कागद फाटतो, पत्र धरलं तर ओळी हलतात. सुरुवात तू इथे असतानाच झाली. शेवटच्या वर्षी मोठा रंधा तुझ्याकडे का आला आणि रेघ मारायचं काम तुझ्याकडे का आलं, आठवून बघ. तुला वाटलं तू मोठा झालास म्हणून. तुला बाहेर धाडायचं त्याने माझ्या समोर ठरवलं. मी म्हटलं, पोराला खरं सांग. तो म्हणाला, खरं सांगितलं तर तो जाईल होय?

दुकान मार्चपासून बंद आहे. चष्मेवाल्याचं काम त्याने आधी घेतलं होतं, ते शब्दाखातर पुरं करायचं होतं. सांगाडा त्याने तेव्हाच केला होता, हात जरा बरा असेल त्या त्या दिवशी. ड्रॉवर होईनात, म्हणून तुला लिहिलं.

आता ड्रॉवरांचं ऐक. पहिला आत घातला तर तो डबक्यातल्या होडीसारखा हलला. ओढला तर तिरका होऊन अडकला. बारांचीही तीच कथा, कारण तू सगळे एकसारखे केलेस. तुझा काका खाली बसला आणि तुझं पत्र पुन्हा वाच म्हणाला, ते सूत उतरवल्याचं. मग हसायला लागला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाला, "जन्मभर त्याला सूतभर जास्त सांगितलं. या वेळी म्हटलं, पोरगा आता शतांशावर मोजतो, त्याला खरं माप देऊ." हसता हसता त्याचा हात इतका हलायला लागला की तो त्याने मांडीखाली धरला.

मग आम्ही प्रत्येक ड्रॉवरला दोन्ही बाजूंनी पातळ पट्ट्या डकवल्या. पट्ट्या चष्मेवाल्याच्या मुलाने तासून आणल्या, धरल्या मी, सरस माझ्या बायकोने लावला आणि शिव्या तुझ्या काकाने दिल्या. अकरा दिवस लागले. आता ड्रॉवर चांगले सरकतात, कपाट चष्मेवाल्याकडे गेलं. सात नंबर बरा होता, उगाच काळजी करू नकोस.

आम्ही शिंपी माप घेतो तेव्हा माणूस छाती फुगवतो. म्हणून आम्ही त्याला बोलण्यात गुंतवतो आणि मग टेप लावतो. तुझ्या काकाला मी पाच महिने बोलण्यात गुंतवून ठेवलंय. सकाळी शर्टाची बटणं लावून घ्यायला तो माझ्याकडे येतो. जेवण आमच्याकडून जातं. दुपारभर माझ्या पायरीवर बसतो. मी मशीन चालवत असलो की बोलत नाही, थांबवलं की थट्टा करतो. संध्याकाळी घरी जातो आणि मग त्याच्या खोलीतून काही आवाज येत नाही. कधी भांडं पडल्याचा येतो.

तू काय करावंस हे मी सांगणार नाही. पण पंधरा जुलैआधी तुला हे ठाऊक असावं असं मला वाटलं.

शिंपीकाका


२३ जून

ती. काका,

मला ड्रॉवरांचं कळलं. हाताचंही कळलं. कुणाकडून ते विचारू नका, आणि विचारलंत तरी ते आशीर्वाद आता बरोबर लिहितात एवढंच सांगेन. त्यांच्यावर रागावू नका. पायरीवर बसणं सोडू नका.

आधी चूक कबूल करतो. तुम्ही लिहिलं होतं, आहे तसं कर. मी केलं नाही. तुम्ही माझा विचार करून माप बदललंत, मी तुमचा विचार करून माप बदललं. दोघांपैकी एकाने जरी दुसऱ्याला विचारलं असतं तरी बारा ड्रॉवर बसले असते. मी प्रत्येक मापाआधी शून्य तपासतो म्हणून इथले लोक हसतात. पण तुमचं माप कुठून सुरू होतं हे मी एकदाही तपासलं नाही. मला ते पाठ आहे असं वाटायचं. घर सोडतानाही तेच झालं. तुम्ही "जा" म्हणालात आणि मी ते जेवढं ऐकलं तेवढंच धरलं. पाच महिने या खोलीत मी स्वतः किती सावकाश काम करायचो याचा हिशोब लावत बसलो होतो.

काल मी मिस्त्रींकडे गेलो. म्हटलं, काकांचं पत्र येईपर्यंत सही करता येणार नाही. त्यांनी विचारलं, घरी कोण कोण आहे. पाच महिन्यांत इथे कुणीतरी मला हे पहिल्यांदा विचारलं. मी सगळं सांगितलं. मशीन चालू होती, त्यामुळे ओरडून सांगावं लागलं, आणि आजूबाजूच्या चौघांनीही ऐकलं. मिस्त्री म्हणाले, "मग इकडे आण त्यांना. खोलीत दोन खाटा मावतात का, आधी मोज."

मोजलं. खोली तीन मीटर बारा सेंटिमीटर लांब, दोन मीटर चौऱ्याऐंशी रुंद. टेबल बाहेरच्या बोळात ठेवलं तर दोन खाटा समोरासमोर बसतात आणि मधे एक मीटर बत्तीस सेंटिमीटर उरतात. दार आत उघडतं, ते खाटेला लागत नाही. खिडकीसमोर भिंत आहे हे आधी लिहिलंच आहे. जिना तीन मजल्यांचा आहे, कठड्यासह, पायऱ्या एकूण चोपन्न. सोय मोठी नाही. जे आहे ते लिहिलं.

दुसरा मार्ग असा की मी सही करत नाही आणि तिकडे येतो. दुकान बंद असलं तरी हत्यारं आहेत. तुम्ही सांगायचं, मी करायचं. कोणताही मार्ग मला चालेल. दोन्ही तुम्हाला नको असतील तर तेही कळवा, पण मग कारण द्या.

फक्त या वेळी, काका, माझ्याकडे बघून काही कमी करू नका. मीही तुमच्याकडून आलेल्यातून काही वजा करणार नाही. जे लिहाल ते तसंच वाचीन.

तुमचा पुतण्या


५ जुलै

मापाड्या

हे मी लिहितोय. शिंप्याला बाहेर काढलंय. अक्षर लागलं नाही तर कागद लांब धरून बघ. तीन दिवसांपासून लिहितोय.

हात गेला. डॉक्टर म्हणतो परत येणार नाही.

तुला घालवलं ते तुझ्या मोजण्यापायी नाही. तू इथे असतास तर मला रोज तुझ्यादेखत चुकावं लागलं असतं. ते मला जमलं नसतं.

मग तू गेलास. ते जमेल असं वाटलं होतं. तेही जमलं नाही.

तू सही कर. मी तिथे येतो. नाही पटलं तर परत फिरेन, आधीच सांगून ठेवतो. चोपन्न पायऱ्या मी चढेन, मधे बसून. दिवसभर तू कामावर असशील तेव्हा मी काय करायचं ते मला ठाऊक नाही. बघू.

बारा तारखेच्या सकाळच्या गाडीने निघतो. शिंपी इथे गाडीत बसवून देतो म्हणाला. कालपासून तो नीट बोलत नाही. गिऱ्हाइकाच्या बाह्या उलट्या शिवल्या.

हत्यारं आणतोय.

तू स्टेशनवर ये. पेटी माझ्याने उचलत नाही.

काका